प्लाझ्मा की एलसीडी? टीव्ही घेण्याआधी आपली खोली पाहा

मागे एकदा कळमनुरीचे एक शिवणकाम करणारे भाई आमच्या दुकानी अस्तराचे कापड घ्यायला आले होते. कापड मोजून होईपर्यंत त्यांनी विचारले, "चाचा, पन्नास इंची प्लाझ्मा टीव्ही मिळतोय, नऊ हजारांत. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलातून निघालाय. चित्र एकदम साफ. एवढाच नवा एलसीडी घ्यायचा तर तिप्पट पैसे जातील. घेऊन टाकू का?"

आम्ही त्यांना लगेच 'नको' म्हटले नाही. चहा मागवला आणि हिशेब मांडायला बसलो. कारण हाच प्रश्न एकदा आमच्याही पुढे आला होता आणि तेव्हा आम्ही तो घाईने सोडवला होता. आपल्या जिल्ह्यात हळदीचा पैसा हाती आला, लग्नसराई सुरू झाली की टीव्हीच्या दुकानांत गर्दी होते. कष्टाच्या कमाईतले वीस-तीस हजार रुपये एका वस्तूत घालण्यापूर्वी ती वस्तू काय आहे हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेख. टीव्ही घरात असावा की नसावा हा वेगळा विषय आहे. त्यात आम्ही जात नाही.

आमची चूक

२०११ साली क्रिकेट विश्वचषकाच्या तोंडावर आम्ही नांदेडच्या एका दुकानातून ४२ इंची प्लाझ्मा संच घेतला. दुकानाच्या आतल्या, जवळजवळ अंधाऱ्या खोलीत तो लावलेला होता. काळा रंग काजळासारखा, चेहरे जिवंत. शेजारचा एलसीडी त्यापुढे फिका वाटला. आम्ही पैसे मोजले आणि संच घरी आणला.

आमच्या बैठकीच्या खोलीला दोन मोठ्या खिडक्या आणि रस्त्याकडे उघडणारे दार. दुपारच्या सामन्यात खेळाडूंपेक्षा आमच्याच खिडकीचे प्रतिबिंब पडद्यावर जास्त दिसू लागले. त्या काळी भारनियमन होते. इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि दोन ट्यूब निवांत चालत, पण टीव्ही जोडला की बॅटरी लवकर बसे. वर्ष-दीड वर्षाने आणखी एक गोष्ट दिसली. घरात उर्दू बातम्यांची वाहिनी तासन्‌तास चालू असे. तिची कोपऱ्यातली खूण पडद्यावर कायमची उमटली. वाहिनी बदलली तरी ती भुतासारखी तिथेच.

दोष संचाचा नव्हता. गिऱ्हाइकाला आम्ही रोज सांगतो की कापडाचा रंग दुकानाच्या दिव्याखाली ठरवू नका, दारात उजेडात नेऊन पाहा. हीच गोष्ट टीव्ही घेताना आम्ही विसरलो. अंधाऱ्या खोलीत पाहिलेला माल उजेडाच्या घरात आणला.

पडद्याच्या दोनच जाती

बाजारात नावे पुष्कळ आहेत: प्लाझ्मा, एलसीडी, एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी, ओएलईडी. नावांच्या या गर्दीने गिऱ्हाईक गोंधळते. पण मुळात सपाट पडद्याच्या जाती दोनच आहेत. एकीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. दुसरीत मागे दिवा असतो आणि पुढचे ठिपके त्याचा उजेड अडवतात किंवा सोडतात.

प्लाझ्मा पहिल्या जातीचा. दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे असतात आणि त्यांत निऑन व झेनॉन वायू भरलेला असतो. विजेचा दाब मिळाला की वायूतून अतिनील किरण निघतात आणि कप्प्याच्या आतला लाल, हिरवा किंवा निळा लेप चमकतो. म्हणजे लाखो चिमुकल्या ट्यूबलाइटच म्हणा ना. ४२ इंची बऱ्याच प्लाझ्मा संचांत आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके असत. प्रत्येक ठिपक्यात तीन कप्पे, म्हणजे एका पडद्यात २३ लाखांहून जास्त कप्पे. जिथे काळे दाखवायचे तिथला कप्पा जवळजवळ विझवता येतो. म्हणून प्लाझ्माचा काळा रंग खोल असे, बाजूला बसून पाहिले तरी रंग उतरत नसे आणि वेगाने जाणारा चेंडू पुसट होत नसे.

एलसीडी दुसऱ्या जातीचा. त्यात मागे दिवा सतत जळत असतो. पुढे द्रव स्फटिकांचा पातळ थर असतो. विजेने ते स्फटिक वळतात, तसा उजेड कमी-जास्त होतो आणि रंगीत गाळण्यांतून बाहेर येतो. दारावरची चिक डोळ्यांपुढे आणा. पट्ट्या उघडल्या की ऊन आत, मिटल्या की सावली. पण चिक कितीही घट्ट मिटली तरी फटीतून थोडा उजेड येतोच. म्हणून अंधारात एलसीडीचा काळा रंग थोडा राखाडी दिसतो. उलट, मागचा दिवा जोरदार असल्याने उजेडाच्या खोलीत तोच पडदा ठळक दिसतो.

आता इतर नावांचा उलगडा सोपा आहे. जुन्या एलसीडीत मागे बारीक ट्यूब असत. २०१० च्या आसपास त्यांच्या जागी एलईडी दिवे आले आणि दुकानदार त्यालाच 'एलईडी टीव्ही' म्हणू लागले. जात एलसीडीचीच. क्यूएलईडी म्हणजे त्याच एलसीडीत रंग अधिक शुद्ध करणारा एक थर. मिनी-एलईडी म्हणजे मागचे दिवे लहान आणि संख्येने जास्त, त्यामुळे जिथे काळे हवे तिथले दिवे मंद करता येतात. हे सगळे एलसीडीच. ओएलईडी मात्र प्लाझ्मासारखा स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांचा आहे. प्लाझ्मा गेला, पण त्याचा वारस ओएलईडीच्या रूपाने बाजारात आहे. त्यामुळे 'प्लाझ्मा की एलसीडी' हा जुना प्रश्न मेलेला नाही. आज तो 'ओएलईडी की एलईडी' या नावाने विचारला जातो.

प्लाझ्मा बाजारातून का गेला

प्लाझ्मा पडदा १९६४ साली अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात तयार झाला. एलसीडीचे पहिले नमुने १९६८ साली आरसीए या अमेरिकन कंपनीने दाखवले. मोठे सपाट टीव्ही विकायला आले तेव्हा आधी बाजी प्लाझ्माने मारली, कारण ४२ इंचांवरचा एलसीडी करणे फार महाग पडे. मग एलसीडीचे कारखाने वाढले. घड्याळ, मोबाइल, संगणक, टीव्ही, सगळ्यांचा पडदा एलसीडीच. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. ज्या मालाचे गिऱ्हाईक दहा ठिकाणी असते त्याचा भाव उतरत जातो. ज्याचे एकच गिऱ्हाईक, तो महागच राहतो.

शिवाय प्लाझ्मा वजनाने जड होता, वीज जास्त खात होता, आणि वायूचे कप्पे फार बारीक करणे कठीण असल्याने फोर-केसारखे दाट ठिपके त्यात परवडेनात. पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्माचे उत्पादन थांबवले. सॅमसंग आणि एलजीने २०१४ च्या अखेरीस. आज नवा प्लाझ्मा टीव्ही कुठेही बनत नाही. जो दिसेल तो दहा वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे सुटे भाग दुसऱ्या मेलेल्या संचातूनच काढावे लागतात.

या बदलाचा एक धडा आपल्या मराठवाड्यातही आहे. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाढलेल्या व्हिडिओकॉन कंपनीने २००५ साली थॉमसन या फ्रेंच कंपनीचा रंगीत चित्रनलिकांचा व्यवसाय विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने त्यात आले. नेमके त्याच वर्षांत जगाचे गिऱ्हाईक चित्रनलिका सोडून सपाट पडद्याकडे वळत होते. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याची कारणे अनेक होती, टेलिकॉमचा धंदाही त्यात होता. तरी एवढे खरे की उतरत्या मालाचा साठा स्वस्तात मिळाला तरी तो स्वस्त नसतो. घरासाठी एक जुना संच घेणाऱ्यालाही हेच लागू पडते.

नऊ हजारांचा खरा हिशेब

आता कळमनुरीच्या भाईंचा हिशेब. ५० इंची प्लाझ्मा साधारण ३०० वॅट घेतो असे धरू. एवढाच आजचा एलईडी १०० वॅटच्या आसपास. घरात रोज सहा तास टीव्ही चालला तर प्लाझ्माला दिवसाला १.८ युनिट, वर्षाला ६५७ युनिट. एलईडीला दिवसाला ०.६ युनिट, वर्षाला २१९. फरक ४३८ युनिटांचा. सोयीसाठी युनिटचा दर दहा रुपये धरला तर वर्षाला ४,३८० रुपये. चार वर्षांत १७,५२० रुपये. म्हणजे नऊ हजारांचा तो संच चार वर्षांत साडेसव्वीस हजारांचा झाला. तेवढ्यात नवा एलईडी हमीसकट आला असता.

इथे आणखी एक बाब आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, त्यापुढच्यांचा बराच जास्त. ज्या घरात पंखे, फ्रिज आणि शिवणयंत्राची मोटर एकाच मीटरवर चालते, तिथे टीव्हीचे हे जादा युनिट वरच्या दरानेच लागतात. आपले बिल काढून पाहावे आणि दहाच्या जागी आपला दर घालावा. नवा संच घेताना त्यावरचे ताऱ्यांचे लेबल वाचावे. वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा त्यावर छापलेला असतो. नुसते तारे मोजू नयेत, आकडा पाहावा.

आधी खोली, मग टीव्ही

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या खोलीला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न उजेडाचा. टीव्ही दिवसा जास्त पाहिला जातो की रात्री? खिडकी किंवा दार पडद्याच्या समोर येते का? आपल्याकडच्या बहुतेक घरांत बैठकीचे दार दिवसभर उघडे असते. अशा खोलीत साधा एलईडी, शक्यतो कमी चकाकीच्या पडद्याचा, योग्य. रात्री दिवे मंद करून पाहणाऱ्याला आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला ओएलईडीचे सौंदर्य कळेल. दुपारच्या उन्हात ते निम्मे वाया जाते.

दुसरा प्रश्न बसण्याचा. आपल्या घरांत सगळे एका सोफ्यावर समोर बसत नाहीत. कोणी गादीवर, कोणी दाराशी, कोणी स्वयंपाकघराच्या चौकटीतून पाहते. एलसीडीत दोन प्रकारचे पडदे येतात. आयपीएस प्रकारात बाजूने पाहिले तरी रंग टिकतो, पण काळा थोडा फिका असतो. व्हीए प्रकारात काळा खोल, पण बाजूने रंग उतरतो. दुकानात संच चालू असताना स्वतः खाली बसून आणि बाजूला सरकून पाहावे, लाजू नये. टीव्ही कपाटावर छताजवळ टांगण्याची जी रीत पडली आहे तिने मान दुखते आणि रंगही बिघडतो. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य असावा.

तिसरा प्रश्न अंतराचा. पडद्याचे इंच कर्णात मोजलेले असतात. त्या इंचांना दोन ते अडीचने गुणावे. येईल तेवढ्या इंचांवर बसणे सोयीचे. ३२ इंचीला साडेपाच ते पावणेसात फूट, ४३ इंचीला सात ते नऊ फूट, ५५ इंचीला नऊ ते साडेअकरा फूट. दहा बाय दहाच्या खोलीत ५५ इंची लावणे म्हणजे मुलाला बापाची शेरवानी घालणे. शिवाय डिश किंवा केबलचा डबा साधा असेल तर त्यातून फक्त ५७६ ओळींचे चित्र येते. ते २१६० ओळींच्या फोर-के पडद्यावर ताणले की धूसरच दिसते. जाड सूत घेऊन मलमल विणता येत नाही.

चौथा प्रश्न चालू राहण्याचा. दुकानात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, उपाहारगृहात एकच वाहिनी दिवसभर चालते. रमजानमध्ये पुष्कळ घरांत मक्केहून येणारे थेट प्रक्षेपण तासन्‌तास लावलेले असते, त्याचीही खूण आणि पट्टी एकाच जागी स्थिर. अशा ठिकाणी प्लाझ्मा डागाळत असे आणि ओएलईडीलाही तीच भीती आहे. एलसीडी-एलईडीत हा धोका नगण्य. ज्यांचा टीव्ही दिवसभर एकाच वाहिनीवर असतो त्यांनी, पैसा असला तरी, ओएलईडीच्या वाटेला जाऊ नये.

जुना संच घ्यायचाच असेल तर पडदा पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण राखाडी करून दाखवायला सांगावे. उमटलेल्या खुणा तिथे लपत नाहीत. विकणारा हे करायला तयार नसेल तर उत्तर मिळाले असे समजावे.

कागद, हमी आणि दुरुस्ती

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर तो आधीपासून १८ टक्के होता. त्यामुळे आता ३२ आणि ४३ इंचांत कराचा भेद उरलेला नाही. दुकानासाठी संच घेत असाल आणि नियमित जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला नंबर घालून घ्यावा. धंद्यासाठी वापरलेल्या वस्तूवरचा कर वजावटीत मिळतो. कंपोझिशनवाल्यांना तो मिळत नाही, आणि घरचा टीव्ही दुकानाच्या नावावर दाखवणे योग्य नाही.

आपल्या भागात कंपनीचे नाव नसलेले, सुटे भाग जोडून केलेले संचही विकले जातात. संचाच्या मागे भारतीय मानक संस्थेचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. हमी किती वर्षांची, पडद्याला लागू आहे का, आणि कारागीर हिंगोलीत येतो की संच नांदेडला न्यावा लागतो, हे बिल होण्यापूर्वी विचारावे. एलईडीचा नेहमीचा बिघाड म्हणजे मागच्या दिव्यांची पट्टी जाणे. आवाज येतो, चित्र येत नाही. हे काम आपला स्थानिक मेकॅनिक थोडक्या खर्चात करतो. पण पडदा फुटला तर तो बदलण्याचा खर्च नव्या संचाच्या जवळ जातो. म्हणून खेळणाऱ्या मुलांच्या घरात संच भिंतीला नीट आवळून लावावा.

मृगाच्या आधीच्या विजांत प्लग आणि डिशची तार दोन्ही काढून ठेवावी. पडदा पुसायला पाणी किंवा स्पिरिट नको. धुऊन धुऊन मऊ झालेला सुती कपडा घ्यावा. कोऱ्या कापडात खळ असते, तिने ओरखडे पडतात. हे आम्ही धंद्याच्या अनुभवाने सांगतो.

भंगाराचा व्यवसाय करणाऱ्या भावांना एक विनंती. २०१० च्या आगेमागे आलेल्या ट्यूबवाल्या एलसीडीत पारा असतो आणि जुन्या चित्रनलिकेच्या काचेत शिसे. ते घराजवळ, मुलांदेखत फोडू नये. नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवावे.

रोख की हप्ता

शेवटी पैशाची गोष्ट. 'नो कॉस्ट ईएमआय'ची पाटी सगळीकडे आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज दुसऱ्या आकारात दडवलेले असते. ते शोधण्याची युक्ती सोपी आहे. दुकानदाराला आधी विचारावे, "रोख दिले तर शेवटचा भाव काय?" हप्त्याने एकूण ३०,००० आणि रोखीने २८,००० असतील तर मधले २,००० हे मुदतीचे दाम आहे, पाटीवर काहीही लिहिलेले असो. प्रक्रिया शुल्क वेगळे. असा व्यवहार जायज की नाजायज, हा मसला आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावा. आमचे काम हिशेब उघडा करून दाखवण्याचे. पण एवढे सांगतो की ज्या घरात तीन महिने थांबून ३२ इंची रोख घेता येतो, तिथे शेजाऱ्याला दाखवण्यासाठी हप्त्याने ५५ इंची आणणे हा इस्राफच आहे. लग्नात मुलीबरोबर टीव्ही पाठवण्याच्या हौसेलाही हेच लागू. कर्ज काढून दिलेल्या वस्तूचा उजेड बापाच्या घरात अंधार करतो.

कळमनुरीच्या भाईंनी तो प्लाझ्मा घेतला नाही. घरी जाऊन त्यांनी खोली मोजली. बसण्याची जागा पडद्यापासून आठ फुटांवर निघाली. ईदपर्यंत थांबून त्यांनी ४३ इंची एलईडी रोखीने घेतला, आणि तो घेण्यापूर्वी दुकानदाराला संच दाराजवळच्या उजेडात लावून दाखवायला सांगितला. दुकानदार जरा कुरकुरला, पण त्याने दाखवला. रोख देणाऱ्या गिऱ्हाइकाला सहसा कोणी नाही म्हणत नाही.